‘गोंडाइट’ या शब्दाचें कूळ

माणसांच्या घराण्यांचा इतिहास जसा त्यांच्या आडनांवांत सांपडतो, तसा शब्दांचा इतिहासहि त्यांच्या रूपांत दडलेला असतो. भूविज्ञानाच्या इंग्रजी कोशांत व खाणकामाच्या परिभाषेंत ‘गोंडाइट’ असा एक शब्द आहे. दक्षिण अमेरिकेंतील ब्राझील काय किंवा पश्चिम आफ्रिकेंतील घाना काय, मँगेनीजच्या जुन्या खाणींवर काम करणारे भूवैज्ञानिक तेथील एका विशिष्ट खडकाचें वर्णन करतांना हा शब्द सहज वापरतात. वापरणाऱ्यांपैकीं पुष्कळांना गोंड म्हणजे कोण, हें ठाऊकहि नसेल. परंतु या शब्दाची जन्मभूमि वैनगंगेच्या खोऱ्यांत आहे. नागपूर, भंडारा, बालाघाट व छिंदवाडा या जिल्ह्यांतील टेकड्यांत तो जन्मला आणि तेथून तो परदेशच्या कोशांत जाऊन बसला. एका मानवसमूहाचें नांव एका दगडाला कसें मिळालें, कोणीं दिलें, आणि तें देतांना कोणता विचार होता, याची हकीकत ऐकण्याजोगी आहे.

शब्दाची फोड अगदीं सोपी आहे. ‘गोंड’ हा त्याचा पूर्वार्ध आणि ‘आइट’ हा प्रत्यय. हा प्रत्यय ग्रीक भाषेंतला. ‘अमक्याशीं संबंध असलेला’ असा त्याचा मूळ अर्थ. ग्रीक लोक ‘दगड’ या शब्दामागें विशेषण म्हणून तो योजीत आणि पुढें दगड हा शब्द गळून नुसतें विशेषणच नाम होऊन बसलें. मराठींत नागपूरचें संत्रें ‘नागपुरी’ होतें, पैठणचें लुगडें ‘पैठणी’ होतें आणि शेवटीं लुगडें हा शब्द उच्चारण्याची गरजच उरत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. तेव्हां गोंडाइट म्हणजे सरळ मराठींत ‘गोंडी दगड’.

हा दगड जेथें सांपडतो तो मुलूख प्रथम डोळ्यांपुढें आणला पाहिजे. भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोंकास तुमसर तालुका आहे. वैनगंगेच्या सपाट भातखाचरांतून उत्तरेकडे जाऊं लागलें कीं जमीन हळूहळू उंचावते, सातपुड्याच्या धाकट्या टेकड्या सुरू होतात आणि पलीकडे बालाघाट जिल्हा लागतो. याच बाजूस आंबागडचा जुना किल्ला आहे. नागपूर शहर वसविण्याचें श्रेय ज्याला दिलें जातें त्या देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदाच्या अमदानीशीं या किल्ल्याचा संबंध आहे. म्हणजे या प्रदेशांत गोंड हे केवळ रानांत राहणारे लोक नव्हते. ते येथले राज्यकर्तेहि होते. चिखला, सीतासावंगी व डोंगरी बुजुर्ग हीं मँगेनीजच्या खाणींचीं गांवें याच तालुक्यांत आहेत. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा रेल्वेचा फांटा याच भागांतून जातो. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी हा खाणींचा पट्टा भंडारा जिल्ह्यांतच राहिला.

‘डोंगरी बुजुर्ग’ हें नांवहि क्षणभर थांबून पाहण्यासारखें आहे. ‘डोंगरी’ हा शुद्ध देशी शब्द आणि ‘बुजुर्ग’ हा फारसी, म्हणजे वडील किंवा थोरला. पश्चिम महाराष्ट्रांत याच फारसी शब्दाचें ‘बुद्रुक’ झालें आणि धाकट्या गांवाला ‘खुर्द’ म्हणूं लागले. भंडाऱ्याकडे मात्र मूळ उच्चार बराचसा टिकून राहिला. एका खेड्याच्या नांवांत मराठी मातीचा व फारसी दप्तराचा असा संगम झालेला आहे, आणि त्याच खेड्याच्या पोटांत जें खनिज आहे त्याचें नांव ग्रीक आहे.

तें खनिज म्हणजे मँगेनीज. या शब्दाची कथा गोंडाइटच्या कथेशीं अशा रीतीनें जुळते कीं एकीवांचून दुसरी पुरी होत नाहीं. ग्रीस देशांत थेसली प्रांताच्या पूर्व किनाऱ्यास मॅग्नेशिया नांवाचा भाग आहे. प्राचीन कालीं तेथें मॅग्नेटीस नांवाची जमात राहत असे. तिच्या नांवावरूनच त्या भूमीला मॅग्नेशिया म्हणूं लागले. या जमातीचे लोक समुद्र ओलांडून आशियामायनरमध्यें गेले व तेथेंहि मॅग्नेशिया नांवाचीं नगरें वसलीं. या भूमींत लोखंडाला ओढून घेणारा एक काळा दगड मिळे. त्याला ग्रीक लोक ‘मॅग्नेशियाचा दगड’ म्हणत. त्यावरूनच इंग्रजी ‘मॅग्नेट’, म्हणजे लोहचुंबक, हा शब्द आला. पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी यानें मॅग्नीस नांवाच्या एका गुराख्याची गोष्ट नमूद करून ठेवली आहे. डोंगरावर फिरतांना त्याच्या पायतणांचे खिळे व काठीचें लोखंडी टोंक दगडाला चिकटून बसलें, असें ती गोष्ट सांगते. शब्दाचें मूळ हरवलें म्हणजे लोक अशी एखादी सोईची कथा रचतात. सर्व देशांत असेंच चालतें.

मॅग्नेशियाच्या नांवानें ओळखला जाणारा दुसराहि एक काळा दगड होता. तो लोखंडाला ओढीत नसे. दिसावयास दोघे जवळजवळ सारखे, म्हणून प्राचीनांनीं एकाला नर व दुसऱ्याला मादी ठरवून प्रश्न सोडविला. या दुसऱ्या दगडाचा गुण कांच करणाऱ्यांनीं ओळखला होता. वाळूंत लोखंडाचा अंश असला कीं कांच हिरवट होते. त्या रसांत या काळ्या दगडाची थोडी भुकटी टाकली म्हणजे हिरवटपणा जाऊन कांच नितळ होते. काळ्या पदार्थानें कांच धुऊन निघते हा मोठाच चमत्कार वाटे, आणि म्हणून युरोपांतील कारागीर त्याला ‘कांचेचा साबण’ म्हणत. या दगडाला मध्ययुगांतील लॅटिन ग्रंथांत ‘मॅग्नेशिया’ असेंच म्हटलें आहे. इटलींतील कारागिरांच्या तोंडीं या शब्दांतील अक्षरांची उलटापालट झाली आणि ‘मॅग्नेशिया’चें ‘मँगेनीज’ झालें. तेंच अपभ्रष्ट रूप फ्रेंचांतून सतराव्या शतकांत इंग्रजींत गेलें. म्हणजे आज जगभर पोलादाच्या कारखान्यांत ज्याचा उच्चार होतो तो शब्द मुळांत कारागिरांच्या बोलण्यांतला अपभ्रंश आहे.

घोटाळा येथेंच संपला नाहीं. अठराव्या शतकांत एका पांढऱ्या औषधी चूर्णालाहि मॅग्नेशिया हेंच नांव मिळालें. मग एक ‘पांढरा मॅग्नेशिया’ व एक ‘काळा मॅग्नेशिया’ असा भेद करावा लागला. १७७४ सालीं स्वीडनमधील शेले या रसायनशास्त्रज्ञानें काळ्या दगडाचा कसून अभ्यास करून त्यांत एक नवें मूलद्रव्य असल्याचें दाखविलें आणि त्याच वर्षीं त्याचा मित्र गान यानें तो धातु प्रत्यक्ष वेगळा काढला. १८०८ सालीं इंग्लंडमध्यें हंफ्री डेव्ही यानें पांढऱ्या मॅग्नेशियांतूनहि एक धातु वेगळा केला. आतां दोन सर्वस्वीं भिन्न धातूंना जवळजवळ एकच नांव झालें. शेवटीं एकाला मॅग्नेशियम व दुसऱ्याला मँगेनीज असें वांटून दिलें गेलें. आवर्तसारणींत पहिल्याचा क्रमांक १२ व दुसऱ्याचा २५ आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला या दोन नांवांनीं जो त्रास होतो त्याचें कारण एका प्राचीन ग्रीक जमातीच्या नांवांत आहे.

हीच गोष्ट लक्षांत ठेवावयाची. मॅग्नेटीस लोक एक जमात म्हणून केव्हांच इतिहासांत विलीन झाले. त्यांची भाषा, त्यांच्या चालीरीति, त्यांचें वेगळेपण आज उरलेलें नाहीं. उरलें आहे तें प्रदेशाचें एक नांव आणि लोहचुंबक, मॅग्नेशियम व मँगेनीज हे तीन शब्द. माणसें गेलीं आणि दगड त्यांचें नांव सांगत राहिले.

डोंगरी बुजुर्गच्या खाणींत निघणाऱ्या मँगेनीज डायॉक्साइड या प्रकारचा उपयोग कोरड्या बॅटऱ्यांसाठीं होतो. ज्या कांचेच्या साबणानें युरोपांतले पेले धुतले गेले त्याच जातीचें हें द्रव्य. श्रोत्यांच्या घरांतील साध्या विजेरींत जी काळी पूड असते ती हीच. परंतु मँगेनीजला खरी किंमत आली ती पोलादामुळें. १८५६ सालीं बेसेमर यानें पोलाद करण्याची नवी रीत काढली. तथापि त्या रीतीनें केलेलें पोलाद ठिसूळ होई. रॉबर्ट मशेट यानें त्यांत मँगेनीजयुक्त लोखंड मिसळून हा दोष घालविला. मँगेनीज हें पोलादांतील प्राणवायु व गंधक यांना आवरतें आणि त्याला चिवटपणा आणतें. तेव्हांपासून आजवर जगांतील मँगेनीजचा फार मोठा भाग, सुमारें नऊ दशांश, पोलादाकडेच जातो.

अशा रीतीनें मागणी वाढली आणि व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. १८९२ सालीं विशाखापट्टणम् जिल्ह्यांत खाणकाम सुरू झालें. १८९६ सालीं मध्यप्रांतांत खनिजांचा शोध घेण्यासाठीं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही संस्था निघाली. हिचेंच पुढें सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगेनीज ओर कंपनी असें नामांतर झालें. विसाव्या शतकाच्या आरंभीं नागपूर, भंडारा व बालाघाट या जिल्ह्यांतून काळ्या दगडाच्या वाघिणी बंदरांकडे धांवूं लागल्या. १९६२ सालीं या कंपनीच्या खाणी भारत सरकारनें घेतल्या व मँगेनीज ओर इंडिया लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. तिलाच आतां ‘मॉइल’ म्हणतात. चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील खाणी तिच्याच आहेत.

खाणी निघाल्या, पण हें काळें धन येथें आलें कसें, याचा उलगडा झाला नव्हता. तो करण्याचें काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यांतील एका तरुण अधिकाऱ्याकडे आलें. त्यांचें नांव लुइस ली फर्मोर. १९०२ सालीं, बाविसाव्या वर्षीं, ते या खात्यांत आले. मध्यप्रांतांतील व अन्य प्रांतांतील मँगेनीजच्या खाणी त्यांनीं पायाखालीं घातल्या आणि १९०९ सालीं हिंदुस्थानांतील मँगेनीजविषयीं हजाराहून अधिक पृष्ठांचा एक प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें ते त्या खात्याचे संचालक झाले. या ग्रंथांत केवळ खाणींची यादी नाहीं. जे दगड व खनिजें पूर्वीं कोणीं ओळखलींच नव्हतीं त्यांना नांवें देण्याचें कामहि त्यांत झालेलें आहे.

नांव देण्याचा अधिकार ज्याच्या हातीं असतो तो आपल्या ओळखीच्या जगांतून नांवें उचलतो. फर्मोर यांनीं एका खनिजाला आपले संचालक हॉलंड यांच्यावरून ‘हॉलंडाइट’ म्हटलें, दुसऱ्याला सहकारी व्हरेडेनबर्ग यांच्यावरून ‘व्हरेडेनबर्गाइट’ म्हटलें. ज्येष्ठ भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड यांच्यावरून ‘ब्लॅनफर्डाइट’ झालें आणि विंच नांवाच्या शोधकावरून ‘विंचाइट’ झालें. छिंदवाडा जिल्ह्यांतील सीतापार या खेड्यालाहि मान मिळाला आणि ‘सीतापाराइट’ असा शब्द कोशांत गेला. परंतु कोशांत जाणें निराळें आणि तेथें टिकणें निराळें. अमेरिकेंत १८९७ सालींच ‘बिक्सबाइट’ म्हणून ज्याचें नामकरण झालें होतें तेंच हें खनिज, असें पुढें सिद्ध झालें. शास्त्राच्या नियमाप्रमाणें आधीं दिलेलें नांव राहतें. त्यामुळें सीतापार हें खेडें शास्त्रीय कोशांतून बाहेर पडलें. व्हरेडेनबर्गाइटहि एकच खनिज नसून दोन खनिजांचें मिश्रण ठरलें. हॉलंडाइट मात्र टिकलें.

या सर्व नांवांत गोंडाइटचा प्रकार वेगळा आहे. तें खनिजाचें नांव नसून खडकाचें आहे, आणि तें कोणा साहेबाचें किंवा गांवाचें नसून एका सबंध लोकसमूहाचें आहे. ज्या मध्यप्रांतांत हा खडक उत्तम रीतीनें दिसतो तेथील गोंड लोकांवरून त्यांनीं तें नांव दिलें. अशी रीत इंग्रज भूवैज्ञानिकांना नवी नव्हती. वेल्समध्यें रोमन काळीं सिल्युरिस व ऑर्डोव्हिसीस नांवाच्या जमाती होत्या. त्यांच्यावरून १८३५ सालीं मर्चिसन यांनीं ‘सिल्युरियन’ व १८७९ सालीं लॅपवर्थ यांनीं ‘ऑर्डोव्हिशियन’ हीं भूस्तरांच्या कालखंडांचीं नांवें योजलीं होतीं. हिंदुस्थानांतहि १९०२ सालीं ओरिसाकडील खोंड लोकांवरून ‘खोंडालाइट’ हें एका खडकाचें नांव पडलें होतें. कोणार्कचें सूर्यमंदिर ज्या दगडाचें आहे तोच हा खोंडालाइट. फर्मोर यांनीं या परंपरेला एक शब्द जोडला.

पण दोहोंत एक अंतर आहे, आणि तें लहान नाहीं. सिल्युरिस व ऑर्डोव्हिसीस हे लोक भूवैज्ञानिकांच्या काळीं केवळ इतिहासाच्या पानांत होते. गोंड मात्र जिवंत होते. नुसते जिवंत नव्हते, तर याच खाणींवर इतर जातिजमातींच्या स्त्रीपुरुषांबरोबर घाम गाळीत होते.

आतां हा खडक आहे तरी कसा? गोंडाइटमध्यें मुख्यतः दोन खनिजें असतात. एक क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी ज्याची बनते तें, आणि दुसरें मँगेनीज असलेलें पिवळसर-तपकिरी गार्नेट. या गार्नेटला बव्हेरियांतील स्पेसार्ट डोंगरावरून ‘स्पेसार्टीन’ म्हणतात. त्याची जन्मकथा अशी. शंभर कोटी वर्षांहूनहि पूर्वीं या ठिकाणीं जलाशय होता. त्याच्या तळाशीं वाळू व चिखल यांबरोबर मँगेनीजचाहि गाळ सांचत गेला. पुढें हे थर जमिनीच्या पोटांत खोल दबले गेले, त्यांना घड्या पडल्या आणि उष्णता व दाब यांनीं त्यांचें रूपांतर झालें. जेथें मँगेनीजचा गाळ जवळजवळ निर्भेळ होता तेथें ब्राउनाइटसारखें कच्चें मँगेनीज झालें. जेथें त्यांत वाळू व चिकणमाती मिसळली होती तेथें गोंडाइट झाला. म्हणजे कच्चें मँगेनीज व गोंडाइट हे एकाच गाळाचे दोन भाऊ. एकांत भेसळ कमी, दुसऱ्यांत अधिक.

खाणीच्या व्यवहारांत मात्र या दोन भावांचें नशीब सारखें नव्हतें. यंत्रें येण्यापूर्वीं फोडलेला माल हातानेंच निवडला जाई. हातोडीनें ढेकळें फोडावयाचीं, जड व काळीं तीं एका बाजूस ठेवावयाचीं आणि भुरकट, गार्नेटचे कण मिरविणारीं दुसऱ्या बाजूस टाकावयाचीं. पहिला ढीग आगगाडींत चढे व दुसरा ढीग तेथेंच राही. टाकला जाणारा तो दगड पुष्कळदा गोंडाइटच असे. ज्या मालाला भाव होता त्याला एका नष्ट झालेल्या ग्रीक जमातीचें नांव, आणि ज्याला भाव नव्हता त्याला खाणीच्या मालकीण भूमीवरच्या जिवंत जमातीचें नांव, असा हा योग जमून आला होता. तो कोणीं मुद्दाम जुळविला नव्हता. परंतु निवड करणाऱ्या हातांना आपण बाजूस टाकीत असलेल्या दगडाचें नांव ठाऊक असण्याचा संभव नव्हता, हें कांहीं चुकत नाहीं.

शास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर हाच टाकाऊ दगड अधिक बोलका ठरला. निर्भेळ मँगेनीज आपली उत्पत्ति सहसा सांगत नाहीं. गोंडाइटमध्यें वाळू आहे, मातीचा अंश आहे, थरांच्या खुणा आहेत. त्यामुळें हें सारें मूळचें पाण्याखालीं सांचलेलें आहे ही गोष्ट तो सिद्ध करून देतो. फर्मोर यांना कांहीं कच्चें मँगेनीज गोंडाइटच झिजून व बदलून झालें असावें असें वाटे. नंतरच्या संशोधकांनीं मुख्य साठा मूळच्या गाळांतूनच झाला असा निर्णय दिला. दोन्ही मतांना साक्षीदार एकच, गोंडाइट. आणि जेथें जमिनीवर गोंडाइटचा पट्टा दिसतो तेथें आसपास मँगेनीज शोधावें, हा धडा भंडाऱ्याच्या टेकड्यांनीं दूरदूरच्या देशांतील शोधकांना दिला. म्हणूनच तो शब्द तेथपर्यंत गेला.

आतां शब्दाच्या पूर्वार्धाकडे, म्हणजे ‘गोंड’ या नांवाकडे वळावयास हवें. येथें एक वेगळीच गोष्ट आढळते. गोंड हे आपल्या भाषेंत स्वतःला गोंड म्हणत नाहींत. ते स्वतःला ‘कोइतूर’ किंवा ‘कोया’ म्हणतात. गोंड हें नांव त्यांना शेजाऱ्यांनीं दिलें. त्याच्या व्युत्पत्तीविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. नागपुरास राहून भूविज्ञान व आदिवासींच्या भाषा या दोहोंचा अभ्यास करणारे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांना गोंड व खोंड हीं एकाच नांवाचीं रूपें वाटत आणि त्यांचा संबंध ते तेलुगूंतील ‘कोंडा’, म्हणजे डोंगर, या शब्दाशीं जोडीत. जनरल कनिंगहॅम यांनीं ‘गौड’ या देशनामाकडे बोट दाखविलें. गोंडी ही भाषा तेलुगूप्रमाणेंच द्राविड कुळांतील असल्यामुळें हिस्लॉप यांच्या मताचें आकर्षण वाटतें खरें. पण नांव ज्यांनीं दिलें त्यांची भाषा कोणती, यावरच निर्णय अवलंबून आहे आणि तें मूळ हातीं लागत नाहीं. इतकें मात्र निश्चित, कीं गोंडाइट या शब्दांत त्या लोकांचें स्वतःचें नांव नाहीं. दुसऱ्यांनीं दिलेलें नांव तिसऱ्यांनीं दगडाला दिलें आहे.

याच नांवाचा दुसरा प्रवास याहूनहि मोठा आहे. १८७२ सालीं मेडलिकॉट यांनीं मध्य हिंदुस्थानांतील कोळशाच्या खडकांसाठीं ‘गोंडवाना’ हें नांव योजलें. १८७६ सालीं फाइस्टमांटेल यांच्या लेखांत तें छापून आलें. १८८५ सालीं ऑस्ट्रियाचे भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस यांनीं भारत, आफ्रिका इत्यादि भूभाग पूर्वीं एकत्र होते अशा अर्थीं ‘गोंडवाना-लँड’ हा शब्द वापरला. दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका यांनाहि आपल्या पोटांत घेणारें तें प्राचीन महाखंड आज शाळेंतील भूगोलाच्या पुस्तकांत याच नांवानें येतें. सात खंडांपैकीं निम्म्याहून अधिक भूमि ज्या नांवाखालीं येते तें नांव ज्या लोकांचें, त्यांच्या भाषेला शाळेंत मिळालेली जागा मात्र फारच थोडी आहे.

भंडारा जिल्ह्यांतील दुसरींहि नांवें या परिभाषेंत गेलीं आहेत. साकोलीवरून ‘साकोली समूह’ हा खडकांचा एक मोठा गट ओळखला जातो. मँगेनीज ज्या खडकांत आहे त्या गटाला छिंदवाड्याकडील सौंसर गांवावरून ‘सौंसर समूह’ म्हणतात आणि त्यांतील एका थराला आपल्या सीतासावंगीचें नांव आहे. रेल्वेच्या फांट्यावरील तिरोडीवरून ‘तिरोडी नाइस’ हा खडक प्रसिद्ध आहे. खुद्द भंडारा हें नांवहि जुनें आहे. १११४ सालच्या, कलचुरि राजा जाजल्लदेवाच्या रतनपूर येथील शिलालेखांत ज्या प्रदेशांचा उल्लेख आहे त्यांत वैरागर, लांजिका यांच्याबरोबर ‘भाणार’ हेंहि नांव येतें. ऐकणाऱ्याला भंडारा म्हटलें कीं धनाचें भांडार आठवतें, पण नांवाचें जुनें रूप भांडाराशीं नव्हे तर भाणाराशीं जुळतें. गुराखी मॅग्नीसच्या कथेसारखाच हा सोईचा अर्थ. मँगेनीजच्या साठ्यानें तो जणूं खरा करून दाखविला, एवढेंच.

गांवांच्या नांवांना मिळालेली ही जागा आनंदाची आहे, यांत संशय नाहीं. तथापि गांवाचें नांव घेणें व माणसांचें नांव घेणें यांत फरक आहे. गांवाला आपलें नांव बदलत चाललें कीं काय याची चिंता नसते. माणसांना असते. मॅग्नेटीस जमातीची भाषा आतां कोणी शिकवूं शकत नाहीं. डोंगराला, दगडाला, खणण्याला त्यांचे खास शब्द कोणते होते, हें विचारावयास कोणी उरलें नाहीं. गोंडांची गोष्ट तशी नाहीं. २०११ सालच्या जनगणनेप्रमाणें गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारें २९ लाख ८४ हजार लोक होते. परंतु स्वतःला गोंड म्हणविणाऱ्यांची संख्या याच्या कितीतरी पट आहे. म्हणजे बहुसंख्य गोंडांच्या घरीं आतां मराठी, हिंदी किंवा छत्तीसगढी बोलली जाते. भाषा ओसरत चालली आहे आणि नांव मात्र दगडांत घट्ट बसलेलें आहे. मॅग्नेटीस लोकांच्या बाबतींतहि हीच वाट कधीं तरी चालली गेली असली पाहिजे.

शब्दाचें कूळ शोधण्याचा खरा उपयोग येथें आहे. कूळ कळलें म्हणजे शब्दाचा मान वाढतो असें नाहीं, पण त्याचें ऋण कोणाकडे आहे हें कळतें. गोंडाइट हा शब्द भूविज्ञानानें गोंडांकडून घेतला. त्याची परतफेड दगडानें होणार नाहीं. गोंडी बोलींत मातीच्या जाती, खडकांचे रंग, टेकडीचे उतार, झऱ्यांच्या जागा यांना जे शब्द असतील ते अजून जिवंत तोंडांतून ऐकतां येतात. तुमसरच्या टेकड्यांत, सालेकसा-देवरीच्या रानांत, गडचिरोलींत जाऊन ते लिहून घेणें हें काम कठीण आहे, पण अशक्य नाहीं. मॅग्नेशियाच्या बाबतींत तें करावयास दोन हजार वर्षांचा उशीर झाला. येथें तो झालेला नाहीं.